७०० मीटरचं दार

सोमवार : एमिनोनू ते आनादोलू कावाक

काळ्या समुद्राच्या काठावर सहा देश आहेत आणि मोठ्या जहाजाला त्या समुद्रातून बाहेर पडायला वाट एकच आहे. आधी इस्तंबूलमधली बॉस्फरस सामुद्रधुनी, मग छोटासा मार्मारा समुद्र, मग दार्दानेल्स सामुद्रधुनी आणि मग एजियन समुद्र. ओडेसाचा मका, नोवोरोसिस्कचं तेल, रोमानियाचा गहू, सगळं याच बोळातून बाहेर येतं. जगात निर्यात होणाऱ्या गव्हाचा पाचवा हिस्सा तरी इथून जातो. तेल म्हणाल तर २०२३ साली रोज ३० लाख पिंपांहून जास्त. होर्मुझ किंवा मलाक्काच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण त्या दोन्ही ठिकाणी दीड कोटी वस्तीचं शहर दोन्ही काठांवर बसलेलं नाही.

बरोबर मामा होते. आयुष्य टँकरवर गेलं, शेवटची बरीच वर्षं कॅप्टन म्हणून. या वाटेने ते कितीदा गेले असतील, पण प्रत्येक वेळी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, उभं राहून. इस्तंबूल त्यांनी काठावरून कधी बघितलंच नव्हतं. "आम्हाला कुठे वेळ असायचा मशिदी बघायला? डोळे समोर, कान व्हीएचएफ रेडिओवर."

एमिनोनूहून सकाळी उत्तरेकडे जाणारी फेरी आशिया-युरोप असे दोन्ही काठ शिवत काळ्या समुद्राच्या तोंडापर्यंत जाते. एकतीस किलोमीटरची ही सगळी सामुद्रधुनी बघायला तिच्याइतकी सोयीची दुसरी सोय नाही. आमची पर्यटकांनी भरलेली होती. बाकीचे राजवाडे टिपत होते, मामा पाणी बघत होते.

पाण्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. काळ्या समुद्रात मोठ्या नद्या गोडं पाणी आणून ओततात, त्यामुळे त्याची पातळी थोडी उंच आणि पाणी हलकं. ते वरच्या थरातून दक्षिणेला वाहतं. भूमध्य समुद्राचं खारं, जड पाणी त्याच्या खालून उलट दिशेने उत्तरेला सरकतं. एकाच पात्रात दोन प्रवाह, एकमेकांच्या विरुद्ध. १६७९-८० च्या सुमारास लुइगी मार्सिली नावाच्या तरुण इटालियनाने दोरीला पांढरे ठोकळे बांधून, ते खोल सोडून हे मोजलं. कोळ्यांना मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. खोल सोडलेलं जाळं भलत्याच बाजूला जातं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

जहाजाच्या कॅप्टनला त्रास असतो तो वरच्या प्रवाहाचा. जोर चढला की तो सहा-सात नॉटपर्यंत जातो. दक्षिणेला उतरणारं जहाज प्रवाहाबरोबर जातं आणि तेच जास्त अवघड, असं मामा म्हणाले. मला उलटं वाटलं होतं. "अगं, सुकाणूला पकड मिळते ती पाणी त्याच्यावरून धावतं म्हणून. पाणी तुझ्याबरोबरच धावायला लागलं, की जहाज वळायला ऐकत नाही आणि थांबायला तर मुळीच नाही." आणि वळायचं तर बारा वेळा असतं. कांदिल्लीपाशी ४५ अंश, येनिक्योयपाशी ८० अंश. येनिक्योयच्या वळणावर समोरून कोण येतंय ते दिसत नाही, काठावरच्या टेकड्या आड येतात.

दुसऱ्या पुलाजवळ, आशियाच्या काठावर एका जुन्या लाल हवेलीची जागा आहे. ७ एप्रिल २०१८ रोजी व्हिटास्पिरिट नावाचं २२५ मीटर लांबीचं जहाज रशियाचं बार्ली घेऊन दक्षिणेला उतरत होतं. इंजिन बंद पडलं आणि जहाज सरळ त्या हवेलीत घुसलं. त्या वेळी लोकांनी काढलेले व्हिडिओ मी पाहिले होते. प्रत्यक्ष जागा पाहिल्यावर आश्चर्य वाटलं ते वेगळंच: असं दर महिन्याला कसं घडत नाही? वर्षाला ४० हजारांच्या आसपास जहाजं इथून जातात, आणि त्यांना आडवी कापत जाणाऱ्या शहरातल्या फेरीबोटी वेगळ्याच.

आनादोलू कावाकला उतरून योरोसच्या पडक्या किल्ल्यावर चढलो. वरून तिसरा पूल दिसतो आणि त्यापलीकडे काळा समुद्र, उघडा. तिथे वाऱ्याची दिशाच बदलते. याच उत्तरेच्या टोकाला १३ मार्च १९९४ रोजी नासिया हा टँकर आणि शिपब्रोकर हे मालवाहू जहाज आदळलं, आग लागली, माणसं गेली आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. त्याच वर्षी तुर्कस्तानने सामुद्रधुनीसाठी कडक नियम केले. ग्रीक पुराणात तर या तोंडाशी एकमेकांवर आदळणारे खडक होते, मधून जाणारं गलबत चिरडणारे. त्यांतले म्हणून दाखवतात ते खडक आजही रुमेली फेनेरीच्या दीपगृहापाशी आहेत, निपचित.

मंगळवार : रुमेली हिसार, उस्कुदार

सामुद्रधुनी जिथे सर्वांत चिंचोळी, जेमतेम ७०० मीटर, तिथे दोन किल्ले समोरासमोर आहेत. आशियाकडचा धाकटा, आनादोलू हिसार, सुलतान बायझीदने चौदाव्या शतकाच्या शेवटी बांधला. युरोपकडचा थोरला, रुमेली हिसार, त्याच्या पणतू मेहमदने १४५२ साली. कॉन्स्टँटिनोपल जिंकायच्या आधीचं वर्ष. तीन मोठे बुरूज तीन वजिरांना वाटून दिले आणि साधारण चार महिन्यांत किल्ला उभा केला. वर चढताना पायऱ्यांना कठडे फारसे नाहीत. मामांनी निम्म्यातून माघार घेतली आणि खाली तटाच्या सावलीत बसून जहाजं मोजत राहिले.

किल्ला शहराला वेढा घालण्यासाठी नव्हता, शहर बरंच दक्षिणेला आहे. तो होता पाण्यासाठी. बाणाच्या नव्हे, तोफेच्या टप्प्यात समोरचा काठ येतो, हे कळलेल्या माणसाने निवडलेली ही जागा. हुकूम असा की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबताने शीड उतरवायचं, तपासणी द्यायची, जकात भरायची. त्या नोव्हेंबरात आंतोनियो रित्सो नावाच्या व्हेनिसच्या कप्तानाने न थांबता निसटायचा प्रयत्न केला. तोफेच्या गोळ्याने गलबत बुडालं, रित्सोला सुळावर चढवलं. पुढच्या कप्तानांना वेगळं काही सांगायची गरज उरली नसावी.

कोकणचा इतिहास वाचलेल्या माणसाला इथे पोर्तुगीजांचं कार्ताझ आणि आंग्र्यांचं दस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. समुद्र कुणाचाच नसतो, असं सगळे म्हणतात, आणि जो तो परवाने छापतो. फरक एवढाच की उघड्या किनाऱ्यावर परवाना चालवायला आरमार फिरतं ठेवावं लागतं. इथे एक टेकडी पुरते.

दुपारी फेरीने उस्कुदारला गेलो. हे जुनं ख्रिसोपोलिस. इ.स.पू. ४१० मध्ये अथेन्सच्या अल्किबियादीसने इथे जकातनाका बसवला आणि काळ्या समुद्रातून येणाऱ्या मालावर दहा टक्के लावले. म्हणजे मेहमदच्या तोफांच्या आधी जवळपास दोन हजार वर्षं. अथेन्सचं पोट त्या काळी याच वाटेने येणाऱ्या धान्यावर भरायचं, त्यामुळे नाका लावण्यात कमाई आणि पहारा दोन्ही होतं. नाक्याची खूण वगैरे काही शिल्लक नाही.

जकात घेण्याचा हा प्रकार जगात खूप उशिरापर्यंत चालला. डेन्मार्कने बाल्टिकच्या तोंडाशी, एल्सिनोरला, १४२९ पासून १८५७ पर्यंत प्रत्येक जहाजाकडून पैसे घेतले. शेवटी अमेरिकेने नकार दिला, इतर देश कंटाळले, आणि कोपनहेगनच्या करारात एकरकमी भरपाई देऊन तो हक्क विकत घेऊन संपवला. मामांना हे माहीत नव्हतं. "म्हणजे टोलमुक्ती झाली," ते म्हणाले आणि मनापासून हसले.

बुधवार : दोल्माबाहचे

आज जहाजं कमी आणि कागद जास्त.

तोफेने घेतलेला हक्क तोफ जुनी झाली की जातो. उस्मानी साम्राज्य दुबळं होत गेलं तशी सामुद्रधुनी इतरांच्या वाटाघाटींचा विषय झाली. १८३३ मध्ये रशियाने आशियाच्या काठावर सैन्य उतरवून, बेयकोझजवळच्या हुंकार इस्केलेसीला सुलतानाशी तह केला. त्यातल्या गुप्त कलमाप्रमाणे रशिया मागेल तेव्हा सुलतानाने दार्दानेल्स परक्या युद्धनौकांना बंद करायची. ब्रिटन खवळलं. १८४१ च्या लंडन करारात ठरलं की शांततेच्या काळात कुणाचीच युद्धनौका आत येणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२३ च्या लोझान करारात तर काठांवरून तुर्की सैन्यच काढून टाकलं आणि वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय आयोग बसवला. दार तुर्कस्तानच्या घरात, पण कडी-कोयंडा दुसऱ्यांच्या हातात.

हे उलटवलं ते एकही गोळी न झाडता. २० जुलै १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावी करार झाला. इटली आणि जर्मनी चढेल झालेले, ब्रिटनला तुर्कस्तान आपल्या बाजूला हवा होता, सोव्हिएत संघाला काळ्या समुद्रात परकी आरमारं नको होती. तुर्कस्तानने नेमकी वेळ साधली. काठांवर पुन्हा स्वतःचं सैन्य आणलं, आयोग गेला, आणि नियम चालवायचं काम त्याच्याकडे आलं.

नियम मात्र विलक्षण आहेत. शांततेच्या काळात व्यापारी जहाजाला, कोणताही झेंडा, कोणताही माल, दिवसा-रात्री मोकळी वाट. वाट दाखवणारा स्थानिक पायलट जहाजावर घ्यायचा की नाही तेही ऐच्छिक. युद्धनौकांचा हिशेब वेगळा. ज्यांचा किनारा काळ्या समुद्राला नाही त्यांच्या युद्धनौका आत एका वेळी मिळून ३० हजार टनांपेक्षा, फार तर ४५ हजारांपेक्षा, जास्त असू नयेत, आणि २१ दिवसांत बाहेर पडाव्यात. पाणबुड्या फक्त किनारी देशांच्या, त्याही दिवसा आणि पृष्ठभागावरून. युद्ध सुरू असेल आणि तुर्कस्तान त्यात नसेल, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना बंदी, फक्त आपल्या तळावर परतणाऱ्या नौकांना सवलत. आणि तुर्कस्तान स्वतः युद्धात असेल तर युद्धनौकांच्या बाबतीत त्याची मर्जी.

विमानवाहू नौकेला या चौकटीत जागाच नाही. आणि सोव्हिएत संघाच्या विमानवाहू नौका बांधणारा कारखाना होता नेमका काळ्या समुद्रावरच्या मिकोलाइव्हमध्ये! उपाय निघाला कागदावर. १९७६ मध्ये 'कीव्ह' बॉस्फरसमधून बाहेर पडली ती 'विमानवाहू क्रूझर' म्हणून. तुर्कस्तानने मान्य केलं. कोणाला काय म्हणायचं, हे ठरवण्याचा अधिकार हीसुद्धा सत्ता आहे, आणि कधी ती डोळेझाक करण्यात वापरावी लागते.

मला सगळ्यात आवडते ती वार्यागची गोष्ट. त्याच कारखान्यातली अर्धवट बांधलेली विमानवाहू नौका, सोव्हिएत संघ मोडल्यावर युक्रेनकडे राहिलेली. मकावच्या एका कंपनीने ती दोन कोटी डॉलरला विकत घेतली, तरंगता जुगार अड्डा करायचा म्हणून. चालतं इंजिन नाही, सुकाणू नाही, ३०० मीटरचा लोखंडी सांगाडा. तुर्कस्तान म्हणालं, हे वळणांवर फिरकलं तर आडवं पडेल, सामुद्रधुनी बंद होईल. सुमारे सोळा महिने टगबोटी तो सांगाडा ओढत काळ्या समुद्रात घिरट्या घालत होत्या आणि चीन अंकाराशी बोलत होता. शेवटी १ नोव्हेंबर २००१ रोजी बाकीची वाहतूक थांबवून तो बॉस्फरसमधून नेला. जुगार अड्डा कधी झाला नाही. २०१२ मध्ये तीच नौका लिआओनिंग म्हणून चिनी नौदलात दाखल झाली, त्यांची पहिली विमानवाहू.

दोल्माबाहचे राजवाड्याच्या पाण्याकडच्या दरवाज्यात उभं राहिलं की एप्रिल १९४६ डोळ्यांपुढे आणता येतो. स्टॅलिन सामुद्रधुनीच्या बचावात वाटा मागत होता. त्याच वेळी अमेरिकेने आपल्याकडे वारलेल्या तुर्की राजदूताचं पार्थिव पोचवायला मिझुरी ही प्रचंड युद्धनौका पाठवली आणि ती या समोरच्या पाण्यात नांगरली. पार्थिव पोचवायला एवढी मोठी युद्धनौका कशाला, हे मॉस्कोला कळलं असणारच. १९५२ मध्ये तुर्कस्तान नाटोत गेला.

आणि मग २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तुर्कस्तानने चार दिवसांत त्याला 'युद्ध' म्हटलं. हा शब्द त्या कलमाला जागं करणारा होता. २८ फेब्रुवारीला जाहीर केलं की कोणीच युद्धनौका पाठवू नये. एप्रिलमध्ये रशियाची मॉस्क्वा ही क्रूझर बुडाली तेव्हा तिच्याच वर्गातल्या दोन रशियन क्रूझर भूमध्य समुद्रात होत्या आणि त्यांना आत येता आलं नाही. नाटोच्या नौकाही बाहेरच राहिल्या, हे कमी सांगितलं जातं. रशियावर आर्थिक निर्बंध न लादणाऱ्या आणि युक्रेनला ड्रोन विकणाऱ्या देशाचं वजन त्या उन्हाळ्यात इतकं वाढलं, की २२ जुलैला धान्याचा करार याच दोल्माबाहचेत झाला. रशिया आणि युक्रेनने एकमेकांबरोबर सही केलीच नाही. दोघांनी वेगवेगळी, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर केली. पहिलं जहाज राझोनी, २६ हजार टनांहून अधिक मका घेऊन १ ऑगस्टला ओडेसाहून निघालं आणि बॉस्फरसच्या तोंडाशी तपासणीसाठी थांबलं. करार वर्षभरात मोडला, पण तोवर जवळपास ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडलं होतं.

मामांचा प्रश्न व्यावहारिक होता. "तपासणीला किती वेळ जायचा? डेमरेज, जहाज खोळंबल्याची भरपाई, ती कोण भरणार?"

गुरुवार : मार्माराचा काठ

येशिलक्योय-फ्लोर्याच्या बाजूला समुद्राकाठी चालायला लांबलचक वाट आहे. समोर नांगर टाकून उभी जहाजं, क्षितिजापर्यंत. मामांनी मोबाइलवर जहाजांचा नकाशा उघडला आणि एकेकाची ओळख करून दिली: हे रिकामं, पाण्याबाहेर किती उंच आलंय बघ, ते भरलेलं, तो टँकर, लाल डेक.

इथला दिवस रांगेवर चालतो. निदान २४ तास आधी जहाजाने आपली माहिती कळवायची, लांबी, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते), माल. मग वाहतूक केंद्र क्रम लावतं. २००३ च्या अखेरीस रडार आणि कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू झाली तेव्हापासून तुर्केली, कावाक, कांदिल्ली, काडिक्योय अशा चार टप्प्यांत प्रत्येक जहाजाशी बोलत राहतात. २०० मीटरपेक्षा मोठं जहाज फक्त दिवसा. मोठा टँकर आत शिरला की समोरून येणाऱ्यांना थांबवतात, अवघड घाटात एका बाजूची वाहतूक सोडतात तसं. धुक्यात दृष्टी अर्ध्या मैलाच्या आत आली की सगळंच बंद.

ही शिस्त फुकट आलेली नाही. पलीकडे हैदरपाशाच्या समोर, १५ नोव्हेंबर १९७९ ला रोमानियाचा इंदिपेंदेन्त्सा हा तेलाने भरलेला टँकर एका ग्रीक जहाजावर आदळला. चाळीसहून अधिक खलाशी गेले, हजारो टन तेल पेटलं, आग जवळपास महिनाभर धुमसत होती. त्या काळी इथे जहाजं डाव्या हाताने जायची. जगात सगळीकडे उजव्या हाताने, इथे डाव्या. १९८२ मध्ये बदललं. मामा तेव्हा कॅडेट होते. जहाजावरच्या जुन्या लोकांनी ही आग सांगून त्यांना घाबरवलं होतं.

पण मोंत्रो करार तर म्हणतो, व्यापारी जहाजाला पूर्ण मोकळीक. मग रांग कशी लावता येते? इथेच खरी मेख आहे. वाट मोकळी आहे, पण सुरक्षेचा नियम करायला कुणी अडवलेलं नाही. रशियाने १९९४ मध्ये खूप कुरकुर केली, नियम राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये रशियन तेलावर पाश्चात्त्य देशांची किंमतमर्यादा लागू झाली, तेव्हा तुर्कस्तानने प्रत्येक तेलवाहू जहाजाकडे नव्याने एक पत्र मागितलं: या फेरीत काहीही झालं तरी विमा लागू राहील, असं विमा कंपनीने लिहून द्यावं. विमा कंपन्यांनी नकार दिला. टँकर अडकले, आणि गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांत तेल रशियाचं नव्हतं, कझाकस्तानचं होतं. आठवडाभर लंडनपासून वॉशिंग्टनपर्यंत फोन खणखणत राहिले. ना तोफ, ना सुरुंग. एका पत्राचा मसुदा.

पैशाचंही तसंच. सुएझ कालवा आहे, खणलेला, त्यामुळे इजिप्त भरभक्कम भाडं घेतो. ही सामुद्रधुनी निसर्गाची, इथे वाटेचे पैसे घेता येत नाहीत, फक्त दीपगृह, बचावसेवा आणि आरोग्यतपासणीचे. दर १९३६ च्या करारात सोन्याच्या फ्रँकमध्ये लिहिलेला आहे, आणि फ्रँकचा डॉलरमधला भाव तुर्कस्तान लावतं. कित्येक दशकं ८० सेंट होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो चार डॉलर झाला. करारातला एक शब्दही न बदलता आकार पाचपट!

याच काठावर, कुचुकचेकमेजेच्या सरोवरातून काळ्या समुद्रापर्यंत ४५ किलोमीटरचा नवा कालवा खणायचा बेत एर्दोआन यांनी २०११ मध्ये मांडला. कालव्याला मोंत्रो लागू नाही, भाडं लावता येईल, असं त्यांच्या बाजूचे म्हणतात. पण ज्याला शेजारून जवळजवळ फुकट जाता येतं तो पैसे भरून कालव्यात का शिरेल? मामांचं मत एका वाक्यात: "मालक म्हणेल, थांब दोन दिवस रांगेत." एप्रिल २०२१ मध्ये १०४ निवृत्त तुर्की ॲडमिरलांनी पत्रक काढलं की या बेतापायी मोंत्रोला धक्का लावू नका. त्यांतल्या दहा जणांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पत्रक कठोर नव्हतं, वेळ मात्र मध्यरात्रीची होती, आणि तिथे सैनिकी मध्यरात्रीच्या पत्रकांचा इतिहास चांगला नाही.

शुक्रवार : चानाक्कालेकडे

दिवस बसमध्ये गेला. संध्याकाळी सुत्लुजेजवळ नवा झुलता पूल आला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर २०२३ मीटर, प्रजासत्ताकाच्या शताब्दीचं वर्ष. मनोरे ३१८ मीटर, १८ मार्च या तारखेसाठी. आकड्यांची हौस दांडगी. पुलाच्याच परिसरात कुठेतरी इगोस्पोतामी होतं. इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडरने अथेन्सचं आरमार इथे काठावर ओढलेल्या अवस्थेत गाठलं आणि संपवलं. अथेन्सवर हल्ला करायची गरज पडली नाही, धान्याची वाट तुटली आणि पुढच्या वर्षी शहराने हात टेकले.

शनिवार : चानाक्काले, किलितबाहिर

दार्दानेल्स बॉस्फरसहून दुप्पट लांब, साधारण ६० किलोमीटर, पण चानाक्कालेपाशी सव्वा किलोमीटरवर येते. इथेही मेहमदने दोन किल्ले समोरासमोर बांधले. नाराच्या वळणावर, थोडं वर, इराणचा सम्राट झर्क्सिस याने इ.स.पू. ४८० मध्ये गलबतांचा पूल बांधला होता. पहिला पूल वादळाने मोडला म्हणून त्याने समुद्राला ३०० फटके मारवले, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. मामांना तो माणूस ओळखीचा वाटला. असे मालक त्यांनी पाहिले होते.

बंदराजवळच्या किल्ल्यात नुसरेत या सुरुंग पेरणाऱ्या बोटीची हुबेहूब प्रतिकृती आहे. इतकी लहान की मी दोनदा विचारलं, हीच का? ८ मार्च १९१५ च्या पहाटे तिने एरेनक्योयच्या खाडीत २६ सुरुंग टाकले. ते नेहमीप्रमाणे सामुद्रधुनीला आडवे न टाकता काठाला समांतर टाकले, कारण ब्रिटिश-फ्रेंच युद्धनौका मारा करून याच खाडीत उजवीकडे वळून माघारी जातात, हे काठावरून बघून ठेवलं होतं. दहा दिवसांनी, १८ मार्चला, फ्रेंच नौका बूव्हे तिथेच वळली. दोन-तीन मिनिटांत बुडाली, सहाशेहून अधिक माणसांसह. मग इर्रेझिस्टिबल, मग ओशन. आरमाराने नुसत्या तोफांच्या बळावर घुसायचा नाद त्या दिवशी सोडला आणि जमिनीवर सैन्य उतरवायचं ठरलं. पुढचे आठ-नऊ महिने तो रक्तपात चालला.

विजयाच्या या कथा इथे भिंतीभिंतीवर आहेत. त्याआधीचं पान मात्र क्वचित दिसतं. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, तुर्कस्तान अजून युद्धात नसताना, दार्दानेल्स सरसकट बंद केली गेली, व्यापारी जहाजांनासुद्धा. रशियाच्या धान्यनिर्यातीचा सिंहाचा वाटा याच वाटेने जात होता. गहू बंदरात कुजला, बदल्यात येणारी शस्त्रं आणि पैसा थांबला. घाव वर्मी बसला यात शंका नाही. पण त्याच घावामुळे जगातलं सगळ्यात मोठं आरमार दाराशी आलं. लढाई जिंकूनही साम्राज्य युद्ध हरलं आणि १९१८ मध्ये मुद्रोसच्या शस्त्रसंधीचं पहिलंच कलम होतं, दार्दानेल्स आणि बॉस्फरस उघडा. पूर्ण बंद केलेलं दार तोडायला सगळे एकत्र येतात. अर्धं उघडं असलं की जो तो आपापला फायदा बघून गप्प बसतो. मोंत्रोत बसलेले तुर्की वकील हे अनुभवाने शिकलेले होते, असं मला वाटतं.

फेरीने किलितबाहिरला जाऊन तो तीन पाकळ्यांचा किल्ला पाहून आलो. फेरी मधोमध असताना एका कंटेनर जहाजाने वाट द्यायला लावली.

रविवार : सेद्दुलबाहिर, हेलेस

द्वीपकल्पाचं दक्षिण टोक. एका बाजूला एजियन, दुसऱ्या बाजूला सामुद्रधुनीचं तोंड. इथे तुर्कांचं भव्य स्मारक आहे आणि थोड्या अंतरावर ब्रिटिशांचा दगडी स्तंभ, वीस हजारांहून अधिक नावांचा. त्यात हिंदुस्थानी पलटणींची नावं आहेत: शीख, पंजाबी, गुरखे, डोंगरी तोफखाना, खेचरांच्या गाड्या हाकणारे. ४ जून १९१५ ला इथल्याच घळीत १४ व्या शीख पलटणीची एका दिवसात दाणादाण उडाली. रशियाचा गहू ओडेसाहून निघावा म्हणून पंजाबातला शेतकरी इथे मरतो, या साखळीतली प्रत्येक कडी समजते आणि तरी ती गळ्याखाली उतरत नाही.

मामा स्तंभाकडे पाठ करून बाहेर येणाऱ्या जहाजांकडे बघत होते. मी त्यांना विचारलं, "मामा, हा मोंत्रो करार अजून किती टिकेल? नव्वद वर्षं होत आली."

मुदत खरं तर वीस वर्षांची होती. १९५६ नंतर कोणताही सदस्य देश दोन वर्षांची नोटीस देऊन तो संपवू शकतो. स्टॅलिनला तो नको होता, अमेरिकेला टनांची मर्यादा जाचते, तुर्कस्तानातच तो बदलावा म्हणणारे आहेत. नोटीस आजवर कुणीही दिलेली नाही. आणि दिली, तरी एक गोष्ट राहतेच: वाटेच्या स्वातंत्र्याचं पहिलं कलम करारानेच कायमचं ठेवलंय, त्याला मुदत नाही. म्हणजे करार मोडला तर व्यापारी जहाजं जात राहतील, युद्धनौकांवरची बंधनं तेवढी कोसळतील.

"कोण देणार नोटीस?" मामा म्हणाले. "रशियाने दिली तर अमेरिकी नौका आत येणार. अमेरिकेने सुचवली तर तुर्कस्तान बिथरणार. तुर्कस्तानने दिली, तर नवीन करार लिहायला एवढे सगळे पुन्हा टेबलाशी बसणार आणि प्रत्येक जण काहीतरी मागणार. आहे त्यात त्यांचंच सगळ्यात बरं चाललंय." मग त्यांनी मोबाइल पुढे केला. बाहेर येणाऱ्या टँकरचा ड्राफ्ट १४.८ मीटर दाखवत होता, भरलेला. "आता हा इथून सुएझला जाईल, की आफ्रिकेला वळसा घालेल, ते सांग. लाल समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबला, येमेनचे हुथी बंडखोर काय करतात त्यावर आहे. पुढचं दार वेगळं, पुढचा पहारेकरीही वेगळा, आणि त्याच्याकडे मोंत्रोसारखा कागद नाही."